कच्चं घर, पक्कं घर

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, गेली दोन वर्षं माझ्या डोक्यात एकच विषय आहे, छप्पर. ते हसले. त्यांना वाटलं, तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर काहीतरी रूपक सांगतोय. पण मी खरंच छपराबद्दल बोलत होतो. धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात ईट नावाचं गाव आहे. त्या गावच्या शिवारात आमचं एक जुनं घर आहे. माझ्या आजोबांनी बांधलेलं, दगडमातीचं, माळवदाचं. चाळीस वर्षं शहरात शिकवून झाल्यावर आम्ही नवरा-बायको तिथे राहायला गेलो. हिंदी बोलणाऱ्या माणसाला गावाचं नाव सांगितलं की तो विचारतो, तुमच्याकडे विटा फार होतात का? गंमत अशी की गावाचं नाव ईट आणि आमच्या घरात औषधालासुद्धा वीट नाही.

हे घर नीट करायचं आम्ही ठरवलं. ठरवायला काय, एक संध्याकाळ पुरली. पण ‘नीट करायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजायला दोन पावसाळे गेले. आज मी तुम्हाला त्या दोन पावसाळ्यांत काय समजलं ते सांगणार आहे. जुनं घर असलेली बरीच मंडळी हे ऐकत असतील. कोणाचं गावी कुलूप लावलेलं असेल, कोणाचं भावकीत अडकलं असेल. त्यांना याचा काही उपयोग व्हावा.

आधी घर कसं आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे घराचं माप खोल्यांत सांगत नाहीत, खणांत सांगतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. समोर पाच खणांचा सोपा, मागे माजघर, त्याला लागून सैपाकघर, उत्तरेच्या बाजूला दोन खोल्या, ज्यातली एक पडलेली. अंगणात लिंब. खांब दगडी तळखड्यांवर उभे आहेत. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर जवळजवळ लावलेल्या किलच्या, त्यांवर पाला-चिपाडांचा थर, आणि सगळ्यात वर माती. हे झालं माळवद. मधोमध एक साणं, म्हणजे उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं भोक. लहानपणी त्या साण्यातून पडणारा उन्हाचा कवडसा भिंतीवर कुठे आला ते बघून आई मला शाळेत पिटाळायची.

ही माती कुठलीही चालत नाही. आमच्या शेतात काळी माती आहे. ती कापसाला चांगली, ज्वारीला चांगली, पण छपराला वाईट. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. छपराला लागते पांढरी माती. ती मिळते जुन्या वस्तीच्या जागी. पिढ्यान्‌पिढ्या माणसं जिथे राहिली, जिथे घरं पडली, पुन्हा उभी राहिली, चुलींची राख पडली, तिथली ती माती. आपल्याकडे महसुलाच्या जुन्या भाषेत गावाच्या वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत आणि पिकाच्या जमिनीला ‘काळी’. काळी-पांढरी मिळून गाव. म्हणजे बघा, आमच्या डोक्यावरचं छप्पर हे आधीच्या कोणाच्या तरी पडलेल्या भिंतींचंच झालेलं आहे. मी तीस वर्षं वर्गात ‘द्रव्य बदलत नाही, रूप बदलतं’ असं शिकवत होतो. ते डोक्यावरच होतं, मान वर करून कधी पाहिलं नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो.

पहिल्या दिवशी गवंडी आले. वय झालेले, आमच्या भागातले जाणते. त्यांनी विचारलं, ‘सर, कसं करायचं?’ मी म्हणालो, ‘पूर्वी होतं तसं.’ ते म्हणाले, ‘पूर्वी म्हणजे कधी?’

पंडितांनी विचारावा असा प्रश्न त्यांनी बिडी पेटवता पेटवता विचारला. मी विचार करू लागलो. आजोबांनी बांधलं तेव्हा उत्तरेच्या खोल्या नव्हत्या, त्या वडिलांनी काढल्या. १९७२च्या दुष्काळात गोठा रिकामा झाला, पुढे त्याच गोठ्याचं धान्याचं कोठार झालं. नंतर वीज आली, तिच्यासाठी लाकडी पट्ट्या ठोकल्या. पुढे कधीतरी आम्हीच सोप्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. मग ‘पूर्वी’ कोणतं? माझ्या मनात जे होतं ते माझ्या वयाच्या आठव्या-नवव्या वर्षाचं घर होतं. ते तसं एकटं, स्थिर कधीच नव्हतं. ती माझी आठवण होती आणि मी गवंड्याला आठवण बांधायला सांगत होतो.

या कोड्याला फार जुना इतिहास आहे. ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाची गोष्ट आहे, ती प्लुटार्कने नोंदवली आहे. अथेन्सच्या लोकांनी आपल्या वीराचं जहाज जपून ठेवलं. फळी कुजली की बदलायची. असं करत करत सगळ्या फळ्या बदलल्या. आता हे तेच जहाज का? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात एक खोडी काढली. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या एका माणसाने गोळा केल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरं जहाज उभं केलं. आता खरं जहाज कोणतं?

वर्गात मुलं यावर हसायची. पण आमच्याकडे एक दिवस जुन्या लाकडाचा व्यापारी आला. कोरलेले खांब, दरवाजाची चौकट, देवळीची झडप, सगळ्याला भाव सांगितला. अशी लाकडं शहरात जातात. हॉटेलात लागतात, बंगल्यांच्या दिवाणखान्यात लागतात. मी मनात म्हटलं, हा हॉब्जचा माणूस दारात आला. उद्या आमचे पाच खांब कुठल्यातरी हॉटेलात उभे राहिले आणि इथे सिमेंटचे खांब आले, तर आजोबांचं घर कुठे? हॉटेलात की शिवारात? मला वाटतं, दोन्हीकडे नाही. हॉटेलात लाकूड असेल, पण त्या लाकडावर कोणाचं छप्पर नसेल. इथे छप्पर असेल, पण ते पेलणारं तेच नसेल.

आपल्याकडे याच प्रश्नाला नागसेनाने वेगळ्या बाजूने हात घातला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन विचारतो, महाराज, आपण रथातून आलात. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? यांपैकी एकही नाही, आणि यांच्याशिवाय वेगळा रथही नाही. सगळ्यांच्या मेळाला व्यवहारात आपण रथ म्हणतो. हे मला घराला जास्त लागू पडतं. घर हा भागांचा मेळ आहे, आणि मेळ टिकवायचा तर रोज काहीतरी करावं लागतं. तो आपोआप टिकत नाही.

घराच्या दुरुस्तीबद्दल युरोपात एकोणिसाव्या शतकात फार मोठा वाद झाला. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक म्हणायचा, वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे तिला पूर्णत्वाला नेणं, मग ते पूर्णत्व पूर्वी कधी प्रत्यक्षात आलेलं नसलं तरी चालेल. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ साली याच्या अगदी उलट लिहिलं. त्याच्या मते असा जीर्णोद्धार म्हणजे खोटेपणा. वेळच्या वेळी निगा राखली तर त्याची गरजच पडत नाही. पुढे विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचाही भर रोजच्या निगेवरच होता. आणि जपानात तिसरीच तऱ्हा. इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. लाकूड नवं, पण सुताराचं कसब जुनं. अलीकडे २०१३ साली असं झालं. त्यांच्या लेखी जपायची गोष्ट कसब आहे.

मला वाटलं, चला, तीन मतं आहेत, त्यातलं एक निवडू. मी रस्किनच्या बाजूला झुकलो होतो. काही बदलायचं नाही, फक्त डागडुजी.

तेव्हा आक्का बोलली.

आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती याच शेतात राहते. पण घरात झोपत नाही. अंगणाच्या कडेला पत्र्याचं एक शेड आहे, तिथे झोपते. उन्हाळ्यात ते भट्टीसारखं तापतं. थंडीत गारठा. तरी तिथेच. मी मोठ्या उत्साहाने तिला सांगत होतो की माळवद जसंच्या तसं ठेवणार. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘बापू, तू लई शिकलास. पण मला त्या मातीखाली निजवू नको.’

तुमच्यातल्या तरुणांना कदाचित संदर्भ माहीत नसेल. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं. दमून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. ६.२ रिश्टरच्या आसपासचा. जगात याहून मोठे भूकंप कितीतरी होतात आणि तिथे फार माणसं मरत नाहीत. इथे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत. ज्या प्रदेशात भूकंपाचा धोका सर्वांत कमी असं नकाशात दाखवलेलं होतं, तिथे हे झालं. नंतर तो नकाशा बदलला.

ईट तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. आमचं घर हाललं, वरून माती झडली, उत्तरेची भिंत तडकली, पण घर उभं राहिलं. आक्काची नणंद मात्र सास्तूरच्या बाजूला दिलेली होती. ती आणि तिची दोन मुलं गेली. घरात. छपराखाली. आक्का तिथे गेली होती, तिने ते पाहिलं. त्या दिवसापासून ती माळवदाखाली झोपलेली नाही.

आता मला सांगा, रस्किन आक्काला काय सांगणार?

मी तेव्हा गप्प बसलो आणि समजून घ्यायला लागलो की तिथे नेमकं काय झालं. इंजिनिअर मंडळींनी त्यावर खूप लिहिलं आहे. मला समजलेलं साध्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट वजनाची. माळवद गळायला लागलं की आपल्याकडे काय करतात? पावसाळ्याच्या तोंडावर वर नवी माती टाकतात. दर वर्षी थोडी. जुनी कोणी काढत नाही. पन्नास-साठ वर्षांत थर दोन फुटांवर जातो. आता हिशोब करा. दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली, दीडशे चौरस फूट. दोन फूट माती म्हणजे तीनशे घनफूट. दाबलेल्या कोरड्या मातीचं एक घनफूट साधारण पंचेचाळीस किलो भरतं. म्हणजे साडेतेरा टन. एका खोलीवर. पाऊस प्यायली की आणखी. आणि भूकंपात घराला जो आडवा हिसका बसतो, तो घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. जितकं जड, तितका मोठा हिसका.

दुसरी गोष्ट भिंतीची. बाहेरून बघितली की वाटतं, काय भक्कम आहे, अडीच फूट जाड! पण ती एक भिंत नसते. बाहेरचा दगडाचा एक पदर, आतला एक पदर, आणि मधे माती आणि दगडाचे तुकडे भरलेले. या दोन पदरांना एकत्र बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड पुरेसे नसतील, तर हादऱ्याने पदर एकमेकांपासून सुटतात. भिंत पोट काढते आणि मग ढासळते. किल्लारीच्या भागात काही घरांत असं दिसलं की लाकडी खांब आणि तुळया उभ्या आहेत आणि भिंती मात्र कोसळल्या आहेत. म्हणजे सगळं जुनं घर दोषी नव्हतं. लाकडाचा सांगाडा शहाणा होता. दोष होता बांधल्याविना उभ्या केलेल्या दगडांत, आणि वर्षानुवर्षं न काढलेल्या मातीत.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यानंतर आमच्या भागात लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. बाकीच्या गावांतही माणसं दगडाच्या घरातून पत्र्याखाली गेली. भीती खरी होती, पण तिने सगळ्याला एकच शिक्का मारला. मातीचं ते कच्चं. सिमेंटचं ते पक्कं. सरकारी कागदावरही हीच विभागणी असते.

कच्चं-पक्कं म्हटलं की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. गोरा कुंभार आमच्या तेरचे. तेर म्हणजे प्राचीन तगर, ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ज्या बाजारपेठेचं नाव येतं ते. तिथे संत जमले आणि गोरोबाकाकांना सांगण्यात आलं, तुम्ही कुंभार, मडकी कच्ची की पक्की ते तुम्हाला कळतं, आता ही मडकी तपासा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. नामदेव तेवढे कुरकुरले. हे मडकं कच्चं, असा निकाल झाला.

ही गोष्ट आपण भक्तीच्या अंगाने ऐकतो. मला आता ती गवंड्याच्या अंगाने ऐकू येते. सगळी मडकी मातीचीच होती ना? मग कच्चं-पक्कं कशावरून ठरलं? माती कोणती यावरून ठरलं नाही. भाजलं आहे की नाही, आतून पोकळ आहे की भरीव, हे थापटून ठरलं. म्हणजे आधी तपासणी, मग निकाल. आपण निकाल आधी लावतो.

म्हणून आम्ही घर थापटलं. खरोखरच. गवंड्यांनी लाकडी हातोडीने एकेक खांब, एकेक तुळई वाजवली. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो, वाळवीने खाल्लेल्याचा बद्द. सतरा खांबांपैकी तीन बद्द निघाले. ते तिन्ही भिंतीत गाडलेले होते, आणि त्यातले दोन नेमके सिमेंटच्या गिलाव्यामागे. हेही समजून घ्या. दगडमातीच्या भिंतीत ओल येते आणि जाते, ती श्वास घेते. आपण वर सिमेंट फासलं की ओल आत कोंडते. खालून वर चढत राहते, लाकूड कुजतं, वाळवीला आमंत्रण मिळतं. आम्ही भिंत पक्की करायला गेलो आणि आतलं लाकूड कच्चं केलं. दोष कोणाचा? आमचाच.

त्याऐवजी आता चुन्याचा गिलावा. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो. पाण्यात विझवला की मऊ लोणी. आणि भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत तो पुन्हा दगड होत जातो. त्याला वेळ लागतो, ओला ठेवावा लागतो, घाई चालत नाही. पण तो ओल अडवून धरत नाही, जाऊ देतो.

आता आमचा आराखडा सांगतो. कोणाला उपयोग होईल म्हणून क्रमाने सांगतो.

पहिलं, एक पूर्ण पावसाळा काही न करता राहायचं. फक्त पडण्याच्या बेतातल्या भागाला टेकू द्यायचे आणि तिथे जायचं नाही. बाकी वेळ पाणी बघायचं. पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कुठल्या पन्हाळीतून नीट पडतं, कुठली तुंबली आहे. मी एक वही केली. पहिल्याच मोठ्या पावसात कळलं की ज्याला आम्ही छपराची गळती म्हणत होतो तिच्यातली निम्मी गळती तुंबलेल्या एका पन्हाळीची होती. माती टाकण्याची गरज नव्हती. कचरा काढायची होती.

दुसरं, मोजमाप आणि फोटो. काही उतरवण्याआधी प्रत्येक खण मोजायचा, प्रत्येक लाकडावर खडूने आकडा घालायचा. आठवणीवर विसंबायचं नाही. माझी आठवण किती भरवशाची आहे ते वर सांगितलंच.

तिसरं, पाणी बाहेर काढणं. पन्हाळी, घराभोवतीचा उतार, भिंतीतून उगवलेला पिंपळ. पिंपळाबद्दल घरात वाद झाला. पिंपळ तोडायचा नाही अशी श्रद्धा. शेवटी मुळासकट काढून बांधावर लावला. जगलाय.

चौथं, भूकंपाचा विचार. छपरावरची माती उतरवून थर आठ इंचांवर आणायचा. म्हणजे त्याच खोलीवर साडेतेरा टनांऐवजी साडेचार टन. नऊ टन वजन आक्काच्या डोक्यावरून उतरलं. आठ इंचांत पाणी आत येऊ नये म्हणून मातीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद. गारवा थोडा कमी होईल, पण दुपारचं ऊन आत पोचायला तरीही उशीर लागेल. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपे लाकडी आधार, म्हणजे सांगाडा आडव्या हिसक्याने कलंडणार नाही. भिंतीला ठिकठिकाणी आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट, म्हणजे दोन पदर एकमेकांना धरून राहतील. गवंडी अशा दगडाला हेडर म्हणतात. भूकंपानंतर आपल्याच भागात हे उपाय शिकवले गेले, वापरले गेले. हे सगळं बांधकामाच्या इंजिनिअरला दाखवून, त्याच्या सल्ल्याने. माझं ऐकून कोणी भिंतीला भोकं पाडू नका, मी तत्त्वज्ञानाचा माणूस आहे.

या चौथ्या कामात काँक्रीट आहे, लोखंड आहे, प्लॅस्टिक आहे. आजोबांच्या घरात यातलं काहीच नव्हतं. शुद्धतावादी म्हणतील, हा भेसळीचा कारभार. मी म्हणतो, भेसळ लपवली तर ती भेसळ. तिरपे आधार आम्ही जुन्यासारखे रंगवणार नाही. नवं लाकूड नवंच दिसेल. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे की हे कधी आणि का घातलं.

पाचवं काम उत्तरेच्या पडलेल्या खोलीचं. ती जशी होती तशी बांधायची नाही असं ठरलं. तिथे हलक्या छपराची खोली होईल. वर पत्रा, त्याखाली बांबूची तट्ट्याची छत, म्हणजे तापणार नाही. दोन दारं, दोन्ही बाहेर उघडणारी, एक अंगणात आणि एक शेतात. ती आक्काची खोली. अशी खोली या घरात कधीच नव्हती. तरी मला वाटतं, अख्ख्या घरात सगळ्यात प्रामाणिक दुरुस्ती तीच होईल. कारण १९९३ साल हेही या घराच्या इतिहासात आहे. तडकलेली भिंत त्याची खूण आहे, आणि आक्काची भीतीही त्याचीच खूण आहे. भिंतीची तड आपण इतिहास म्हणून जपणार आणि माणसाची भीती अडाणीपणा म्हणून बाजूला सारणार, हे कसं चालेल?

राहिली माती. आम्ही उतरवलेली माती टाकून देणार नाही, चाळून तीच वापरणार. नवी पांढरी आणायची नाही असं मी ठरवलं आहे. कारण जुन्या पांढरीची टेकाडं खणून माती नेली की तिच्याबरोबर खापरं, मणी, नाणी, सगळा इतिहास ट्रॉलीत भरून जातो. एका घराच्या जीर्णोद्धारासाठी दुसऱ्या शंभर घरांची राख उकरायची नाही.

तेरला पुन्हा एकदा जाऊ या आणि मी थांबतो. तिथे त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे. मागची बाजू अर्धगोल. तो आकार चैत्यगृहाचा आहे, हे अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखलं. पुढचा मंडप नंतरचा. आज तिथे त्रिविक्रमाची पूजा होते. ही वास्तू कशाने टिकली? वापर बदलला, भर पडली, पण आत दिवा लावणारं कोणीतरी प्रत्येक काळात राहिलं, म्हणून टिकली असं मला वाटतं. दिवा लावणारा माणूस गळती पाहतो. कुलूप लावलेल्या घराची गळती कोण पाहणार?

तर ‘घर नीट करायचं’ याचा अर्थ मला एवढा समजला. ते पूर्वीसारखं दिसावं हे दुय्यम. त्याचा कच्चेपणा नेमका कुठे आहे हे थापटून शोधायचं, तो लपवायचा नाही, आणि त्यात राहणाऱ्या माणसाला रात्री झोप लागेल असं करायचं. यातून जेवढं जुनं राहील तेवढं खरं.

एक-दोन प्रश्न आले आहेत, ते घेतो.

एका श्रोत्याने विचारलंय, एवढ्या खर्चात आणि वेळात नवा बंगला झाला नसता का? वेळेचं म्हणाल तर नक्की झाला असता, आणि लवकर झाला असता. जिथे लाकूड सगळं गेलेलं आहे, भिंती सुटलेल्या आहेत, तिथे मी स्वतः सांगेन, पाडा आणि नवं बांधा. जीव धोक्यात घालून वारसा जपायचा नसतो. आमचे सतरातले चौदा खांब शाबूत निघाले म्हणून हा निर्णय. दहा बद्द निघाले असते तर आज मी वेगळं भाषण केलं असतं.

दुसरा प्रश्न एका बाईंचा आहे. तुमच्यानंतर या घराकडे कोण बघणार? हा खरा प्रश्न आहे. मुलं पुण्यात आहेत. ती येतील असं मी गृहीत धरत नाही. म्हणून ती वही मी वाढवत नेली आहे. मे महिन्यात पन्हाळी साफ करायच्या. दिवाळीनंतर माळवदावर चढून भेगा बघायच्या. वर्षातून एकदा खांब वाजवायचे. कुठली माती, किती पाणी, कुठे हेडर घातले, सगळं नकाशासकट. गवंड्यांचा नातू दहावीत आहे, तो सुट्टीत कामावर येतो. खांब वाजवून मला आता तोच सांगतो, ‘सर, हा बद्द.’ वहीची एक प्रत त्याच्याकडे ठेवली आहे.

आणि आक्का? तिला परवा मी विचारलं, माळवद हलकं झालं, आता एकदा सोप्यात झोपून बघतेस का? ती म्हणाली, ‘एक पावसाळा तू नीज. मग बघू.’ यंदा मी सोप्यात झोपणार आहे.